डाळिंबी रंगाचं मेण

२ फेब्रुवारी, रविवार
गाडीला लावायचं मेण आणायला नव्या पेठेत गेले — रिक्षाने! दारात नवी गाडी, पर्समध्ये नवं लायसन, आणि बाई रिक्षात. दुकानदार म्हणाला, "गाडी कुटं लावली? रंग बघू की." म्हटलं, घरी आहे. तो हसला. मीही हसले, उगाच.

गडद डाळिंबी रंग म्हटल्यावर त्याने डबीतलं मेण काढलं. झाडाच्या पानांपासून करतात म्हणे. चमक खोल, मऊ. पण लवकर उतरतं. बाटलीतलं कृत्रिम जास्त टिकतं, काचेसारखं चकाकतं. ठरेना. दोन्ही घेतली.

४ फेब्रुवारी
अर्ध्या बॉनेटला डबी, अर्ध्याला बाटली. ह्यांना बोलावलं — कुठलं बरं दिसतं? चष्मा पुसून बराच वेळ वाकून बघितलं. म्हणाले, "दोन्हीकडं माझं टक्कलच दिसतंय. डबीकडचं जरा मऊ हाय."
नवऱ्याला काही विचारणं म्हणजे!

माहेरहून, मोडनिंबहून आईचा फोन. "माले, कवा येतीयास गाडी घिऊन? समद्या आळीला सांगून ठिवलंय मी." म्हटलं, मेण लावून झालं की येते.
"मेण? गाडीला?"

८ फेब्रुवारी
भर उन्हात लावलं, तेच चुकलं. मेण वाळून पांढरे पट्टे! दुपारभर पुसत बसले. हे पायरीवर चहा पीत: "येवढ्यात मोडनिंबला दोनदा जाऊन आली असतीस की."
फडकं तिथेच टाकून आत गेले.

९ फेब्रुवारी
खांदे दुखतायत. गाडीचा मीटर मात्र तिथेच.

१२ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. मोडनिंबला हायवेनेच जावं लागतं, आणि मला हायवेची भीती वाटते. ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत सर शेजारी असायचे, तरी ट्रक जवळून गेला की मी ब्रेकच दाबायचे. शाळेत माझ्या वर्गातल्या मुलींना रोज सांगते, घाबरायचं नाही! आणि स्वतः दहा दिवस फडकं घेऊन गाडीभोवती फिरतेय.

ह्यांना गाडी येत नाही. आईला आता एसटीची पायरी चढवत नाही. "लेकीच्या गाडीत बसून गावातनं एक चक्कर मारीन" — एवढंच मागणं आहे तिचं. साडीसुद्धा काढून ठेवली आहे म्हणे. एक्क्याऐंशी वर्षांची आहे. किती दिवस मेणाचं कारण सांगू? लाज वाटते.

१५ फेब्रुवारी
डबीचंच मेण ठरलं. सगळी गाडी झाली, अगदी आरशांच्या मागची बाजूसुद्धा. सुरेख दिसतेय, खरंच!
हे म्हणाले, "आता काय लावणार? हळद?"
मग हळूच, "मी शेजारी बसतो उद्या. डोळे मिटून."
"तुम्ही कशाला डोळे मिटताय?"
"मला बी भ्या वाटतंय की!"

१६ फेब्रुवारी, रविवार. मोडनिंब
चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. ह्यांनी टोलनाक्याला डोळे उघडले.

आई दारातच उभी होती, त्या साडीत. बॉनेटवरची धूळ पदराने पुसली, ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढायला लागली — थेंब होऊन ओघळलं सगळं! "काय फासलंयस गं हिला? कुकू बी धरंना!"

मग तेच बोट तिने माझ्या कपाळाला टेकवलं. तिथं धरलं.