डॉड हॅगर्टच्या राहण्याची तजवीज

मी, वॉल्टर जेम्स इम्री, वय वर्षे पंचाहत्तर, राहणार १४ हार्बर वाइंड, क्रेगमर्डो, परगणा फाइफ, धंद्याने आधी फुटबॉल खेळाडू (उजवी विंग) आणि नंतर जोडे दुरुस्त करणारा, आता दोन्हींतून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल मला तसे जाहीर करता येत नाही. १९८८ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ज्यांना मी काही ना काही दिले होते, त्यांतले बहुतेक माझी वाट न पाहता निघून गेले.

माझ्या वकील मिस गिलफिलन यांनी बजावले आहे की मृत्युपत्र हे भाषण नव्हे. मी पन्नास वर्षे भाषणे केली आहेत. क्लबच्या फाटकाबाहेर केली, खाणकामगारांच्या सभागृहात केली, आणि पाद्री आजारी होते तेव्हा एकदा चर्चमध्येही केले. त्यानंतर पाद्री लवकर बरे झाले. मी प्रयत्न करीन.

कलम १. माझे दहन करावे. राख क्रेगमर्डो अॅथलेटिकच्या मैदानावर टाकू नये, असे क्लबने पत्राने कळवले आहे, कारण राखेने गवत जळते. उजव्या कडेच्या पंधरा फुटांत मी असताना गवत कधी उगवलेच नव्हते, हे मी उत्तरात लिहिले होते. उत्तराला उत्तर आले नाही. तेव्हा राख बंदरात सोडावी. वारा बघून सोडावी.

कलम २. माझी रापी, आऱ्या, दोन हातोड्या आणि अठ्ठावीस कलबुते, म्हणजे जोड्यांचे लाकडी साचे, क्यूपर गावच्या एल्स्पेथ केर हिला द्यावीत. ती घोड्यांची खोगिरे शिवते. ती एकदा दुकानात आली, माझी रापी उचलून अंगठ्यावर धार पाहिली आणि पाते आत वळवून परत ठेवली. हत्यार कसे ठेवावे हे कळणारे माणूस मी त्या वर्षी तेवढे एकच पाहिले.

कलम ३. माझी पुस्तके, सुमारे चारशे, गावच्या वाचनालयाला द्यावीत. अट अशी की ती विकू नयेत. शाळेने मला पंधराव्या वर्षी सोडले. पुस्तकांनी सोडले नाही. राजकारणाची पुस्तके कुलपात ठेवायची असतील, तर निदान किल्ली दारावर टांगावी.

कलम ४. दिवाणखान्यातले पितळी घड्याळ क्लबचे माजी अध्यक्ष, खाटीक अँगस कॅल्डवुड यांच्या वारसांना परत करावे. ते मला १९६५ साली 'निष्ठावान सेवेबद्दल' मिळाले. पहिल्या दिवसापासून ते वीस मिनिटे मागे आहे. मी ते कधी दुरुस्त केले नाही, कारण दुरुस्त केले असते तर ते माझे झाले असते.

कलम ५. आता घर. १४ हार्बर वाइंड हे दोन मजली घर माझी एकुलती मुलगी शीना हिच्या मालकीचे होईल. परंतु जॉर्ज ऊर्फ डॉड हॅगर्ट, वय वर्षे ऐंशी, गोदीतला निवृत्त रिव्हेटवाला, हा जिवंत असेपर्यंत खालच्या खोलीत राहील, स्वयंपाकघर वापरील, आणि त्याला तिथून कोणी हलवू शकणार नाही. हा हयातीपुरता राहण्याचा हक्क आमच्या स्कॉटलंडच्या कायद्यात जुना आहे आणि पक्का आहे.

शीनाने मसुदा वाचून विचारले, "बाबा, ते आपले कोण?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

"मग वकील विचारतील, बँक विचारेल, मी काय सांगू? तुम्हाला चौदा वर्षं शिव्या देणाऱ्या माणसाला तुम्ही घर दिलंत?"

"राहायला दिलंय. घर तुला दिलंय."

"कारण लिहा," ती म्हणाली. "तुम्ही त्यांचे कोण लागता ते लिहा. नाहीतर मी कोर्टात जाणार नाही, पण विचार करून करून मला झोप लागणार नाही."

मुलगी बँकेत आहे. तिला कागद लागतो. कारण खालीलप्रमाणे.

मी १९५५ साली क्रेगमर्डो अॅथलेटिकला लागलो. विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, हा संघातला असा एकच खेळाडू असतो की जो प्रेक्षकांच्या तोंडाजवळ धावतो. मधल्या लोकांना आरडाओरडा ऐकू येतो. विंगरला वाक्ये ऐकू येतात. पहिल्याच शनिवारी बंदराकडच्या, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून एक वाक्य आले: "इम्री, अरे, पोस्टाची पेटी तुझ्यापुढे निघून गेली." बोलणारा डॉड हॅगर्ट होता. गोदीत जहाजांच्या पत्र्यांना रिव्हेट ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते आणि आवाज घडला होता.

मध्यंतरानंतर संघ टोके बदलतात, म्हणजे उजवा विंगर मैदानाच्या दुसऱ्या कडेला जातो. मला वाटले, आता तरी सुटका झाली. मध्यंतरात हॅगर्ट हातात खिम्याची पाई आणि कपभर गरम बोव्हरिल, म्हणजे मांसाचे सार, घेऊन गोलामागून चालत रेल्वेकडच्या कडेला आला आणि माझ्या समोर उभा राहिला. "दमलो," म्हणाला. "तुला बघायला आज तुझ्यापेक्षा मी जास्त चाललो."

हे तो दर शनिवारी करी. बर्फातही करी.

त्याच्या बोलण्यात टवाळी पुष्कळ होती. "चेंडू काय तुझा मेहुणा आहे, सोडवत नाही?" "इम्री, कमरेत वाकलेली माझी म्हातारी आहे घरी, पाठवू का तुझ्या जागी?" पण दोन हंगाम एक वाक्य टवाळीचे नव्हते आणि ते दर सामन्यात येई: "आत ये रे, आत. बाहेर काय मासे धरायचेत?"

तेव्हा विंगरने कडेने धावावे आणि उजव्या पायाने चेंडू मध्ये टाकावा, म्हणजे क्रॉस टाकावा, अशी रीत होती. प्रशिक्षकांनी तेच सांगितले, वर्तमानपत्रांनी तेच लिहिले, समोरच्या बचावपटूलाही तेच पाठ होते. १६ नोव्हेंबर १९५७ रोजी, एक-एक बरोबरीत, मी निव्वळ हॅगर्टचे तोंड बंद करायला आत वळलो. आत गेले की कसा फजितवाडा होतो ते त्याला दाखवायचे, असा माझा बेत होता. समोरचा बचावपटू मी बाहेर जाणार म्हणून बाहेर गेला. माझ्यापुढे कोणी नव्हते. मी डाव्या पायाने मारला, आणि गोल झाला.

मी धावत पायऱ्यांपाशी गेलो. माझी अपेक्षा होती की तो निदान टोपी काढील.

"दोन वर्षं लागली," तो म्हणाला. "माझ्या बायकोला एकदा सांगितलं तरी समजतं."

तिथून पुढे मला लोक ओळखू लागले. १९६० साली एडिनबरोच्या एका मोठ्या क्लबने मला नेले, तेही याच आत वळण्यासाठी. वर्तमानपत्रांनी त्याला 'इम्रीची चाल' म्हटले, आणि मी त्यांना तसे म्हणू दिले. ही चाल माझी नव्हती. हे मी आज प्रथमच लेखी कबूल करत आहे. त्या क्लबात चाळीस हजार लोक ओरडत, आणि चाळीस हजार लोक ओरडले की काहीच ऐकू येत नाही. मी चार हंगाम काढले, हळूहळू वाईट खेळू लागलो आणि का ते मला कोणी सांगितले नाही. हॅगर्ट एकदाच आला होता. मध्यंतरात बाजू बदलायला निघाला तर तिथल्या माणसाने अडवले. "अर्धंच तिकीट वसूल झालं," म्हणाला, आणि पुन्हा आला नाही. १९६४ साली मी परत क्रेगमर्डोला आलो. पहिल्या सामन्यात कडेवर पोचलो तर वाक्य आले: "वजन वाढलंय."

आता मिस गिलफिलन यांनी पुढचा परिच्छेद वाचू नये.

त्या काळी खेळाडूचा करार संपला तरी क्लब त्याची नोंदणी आपल्याजवळ ठेवू शके. पगार नाही, खेळ नाही, आणि दुसऱ्या क्लबला जायची मुभाही नाही. गायीला गोठ्यात बांधून चारा तोडायचा आणि शेजाऱ्याने मागितली तर म्हणायचे, आमची आहे. माणूस कोणाच्या मालकीचा नसतो. जो कायदा तसे मानतो तो कायदा नव्हे, चोरीची पावती आहे. हे मी कॅल्डवुड यांच्या तोंडावर बोललो, म्हणून १९६९ च्या उन्हाळ्यात त्यांनी मला असेच बांधून ठेवले. मी फाटकाबाहेर माशांच्या पेटीवर उभा राहून भाषण केले. संघातले दहा जण आत होते आणि बाहेर आले नाहीत. त्यांच्या घरी मुले होती. मी त्यांना दोष देत नाही, नावेही लिहीत नाही, जरी दहाही पाठ आहेत. ऐकायला सहा माणसे होती. मागून आवाज आला: "मोठ्यानं बोल, इम्री. मागं काही ऐकू येत नाही."

मी मोठ्याने बोललो.

हॅगर्टकडे हंगामाचे तिकीट होते. अकरा शनिवार तो आत गेला नाही. फाटकाशी उभा राहून जो आत जाई त्याला विचारी, "काय बघायला चाललात? माझा माणूस तर बाहेर आहे." पहिल्या शनिवारी लोक हसले. सहाव्या शनिवारी पायऱ्या निम्म्या रिकाम्या होत्या. अकराव्यानंतरच्या सोमवारी कॅल्डवुड यांनी माझे नोंदणीचे कागद सोडले. अँगस परगण्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान क्लबात मी आणखी दोन हंगाम खेळलो आणि थांबलो ते माझ्या मर्जीने. माझ्या ओळखीच्या फार थोड्या खेळाडूंना ते लाभले.

मी त्याचे आभार मानले नाहीत. त्यानेही तसे सुचवले नाही.

माझी बायको नेटा १९९९ साली गेली. त्याची बायको त्याआधीच गेली होती. २००३ साली त्याची चाळ पाडली, तेव्हा तो तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आला. आता आठ वर्षे झाली. सकाळी मी पाव भाजतो आणि तो खुर्चीतून म्हणतो, "डावी बाजू जळतेय. नेहमीसारखंच लक्ष नाही." मी दिवाणखान्यात गेलो की तोही उठून दिवाणखान्यात येतो. मला याची सवय आहे.

गेल्या वर्षी मी त्याला विचारले, "मी गेलो तर तू कुठे जाशील?"

"शाळेमागच्या वृद्धाश्रमात. नाव घातलंय."

"कधी?"

"तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी. तुला भूल दिली होती. म्हटलं, आता हा काही उठत नाही."

"इथेच राहा की."

"यजमान आहे तोवर पाहुणा. यजमान गेला की पाहुणा नसतो, अडगळ असते. शीनाच्या गळ्यात मी पडणार नाही. आणि तुझी दया नको. तू क्रॉस टाकायचास तसा टाकतोस दया, कोणाला मिळेल त्याचा पत्ता नाही."

म्हणून मी पूर्ण शुद्धीत जाहीर करतो की कलम ५ ही दया नाही. ज्या चालीवर मी चौदा वर्षे पोट भरले ती डॉड हॅगर्टची होती, आणि ज्या फाटकावर माझी सुटका झाली तिथे तो अकरा शनिवार उभा होता. तो माझा प्रशिक्षक होता, क्लबने न नेमलेला. प्रशिक्षकाला संघ सोडून जायला सांगत नाहीत.

हे सारे शीनाने पुन्हा वाचले.  मग म्हणाली, "बाबा, हे तुम्ही डॉडकाकांना कधी सांगितलंत?"

"नाही."

"चोपन्न वर्षांत?"

"सांगितलं असतं तर त्याच्याबरोबर राहणं अवघड झालं असतं."

"मग ते राहणार कसे? तुम्ही गेल्यावर मी वाचून दाखवलं, तर ते बॅग भरूनच ऐकतील. तुम्ही जिवंत असताना कळू दे त्यांना." दारातून ती वळून म्हणाली, "मला मान्य आहे. तेही लिहा."

लिहिले. शीना इम्री हिला कलम ५ मान्य आहे.

सोमवारी मी हा कागद स्वयंपाकघराच्या टेबलावर किटलीला टेकवून उभा ठेवला आणि बंदरावर गेलो. तासभर जाळी बघितली. परत आलो तेव्हा हॅगर्ट खुर्चीत झोपल्याचे सोंग करत होता, आणि कागदाच्या समासात पेन्सिलीने तीन ठिकाणी लिहिलेले होते. मिस गिलफिलन यांच्या मते समासातली पेन्सिल कायद्याने चालत नाही. दुरुस्त्या शेवटी, सहीच्या वर, शाईने लिहाव्या लागतात. त्या अशा:

पहिली. गोलाची तारीख १६ नव्हे, ९ नोव्हेंबर. मी वाचनालयात वर्तमानपत्र पाहून आलो. त्याचे बरोबर आहे.

दुसरी. चेंडू खांबाला लागून आत गेला, हे मी लिहिलेले नाही. आता लिहिले.

तिसरी. कलम ५ समोर त्याने असे लिहिले आहे: "खालची खोली दमट आहे. वरची हवी." म्हणून कलम ५ मध्ये 'खालच्या खोलीत' या शब्दांच्या जागी 'वरच्या, बंदराकडे खिडकी असलेल्या खोलीत' असे वाचावे. ती खोली माझी आहे आणि मी अजून तिच्यात राहतो. हा हक्क माझ्या मृत्यूनंतर सुरू होतो, हे हॅगर्टला दोनदा समजावून सांगितले आहे.

प्रत्येक पानावर सही केली आहे. कायद्याला एक साक्षीदार पुरतो. पण एकट्या पंचाच्या शब्दावर मी आयुष्यात कधी विसंबलो नाही, म्हणून दोन घेतले.

(सही) वॉल्टर जेम्स इम्री

साक्षीदार:
(सही) आर्चिबाल्ड डफस, बेकरीवाला, ९ हार्बर वाइंड
(सही) आयलीन टोश, ग्रंथपाल, क्रेगमर्डो वाचनालय

स्थळ: १४ हार्बर वाइंड, क्रेगमर्डो, स्वयंपाकघर
दिनांक: २१ सप्टेंबर २०११