आबांचा रेडिओ काय सांगतो

प्रिय धनू,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आबा जेवतात, चालतात, सकाळी खाडीवर एक फेरी मारून येतात. खिंडीत चढून तुला फोन करता आला असता. दोनदा केलाही. पण तुझा आवाज आला की मी न्हावा शेव्याच्या पावसाची चौकशी करते, तुझ्या प्रणालीच्या शाळेचं विचारते आणि फोन ठेवून उतरते. लिहिताना निदान चुकलेलं वाक्य खोडून पुन्हा नीट लिहिता येतं. हे सगळं मी अजून रोजनिशीतही लिहिलेलं नाही. लिहिलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

तुला ट्रकच्या केबिनमध्ये रेडिओवर दिवसभर बडबडणारी माणसं मिळतात. एक स्टेशन गेलं तर दुसरं येतं. आपल्याकडे डोंगर आडवा आहे, एफएम खिंडीच्या अलीकडे उतरत नाही, हे तुला माहीत आहेच. एसटी खिंडीत चढली की ड्रायव्हरची गाणी लागतात आणि आपल्या उतारावर गाण्याची ओळ अर्ध्यात तुटते. आपला आधार मिडियम वेव्हचा होता. गेल्या पावसाळ्यापासून ते केंद्र आधी लांब गेल्यासारखं झालं, मग नुसती खरखर राहिली. केंद्र बंद पडलं, की आपल्याच कोपऱ्यात पोचत नाही, की रेडिओच म्हातारा झाला, मला सांगता येत नाही. मी तो श्रीवर्धनला दुरुस्तीला नेला. दुकानदाराने काटा फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बाई, मशीन चांगलं हाय. पण हे आता कोन ऐकतं? एफएमचा घ्या." मी तोही घेतला. खिंडीत छान बोलतो. घरात आणला की मुका.

आबांना यातलं काही सांगावंच लागलं नाही, कारण त्यांचं ऐकणं थांबलंच नाही. संध्याकाळी ओट्यावर बसतात, रेडिओ कानाला लावतात, हवामानाचा इशारा ऐकतात आणि उठून खाली कुणी असेल त्याला सांगतात. पूर्वीसारखंच. खालची माणसंही पूर्वीसारखीच विचारतात. मोबाईलवर इशारे येतात, पण खिंडीत चढेल त्याच्या मोबाईलवर. सखुबाई मला म्हणाली, "आमचा मोबाईल बोलायला त्याला डोंगरावर न्यावा लागतो. तुझा बाप बसल्या जागी सांगतो. त्याला कशाला शिकवतेस गं मास्तरीणबाई?" भोवतीच्या बायका हसल्या. मीही हसले.

प्रथम मला वाटलं, दोष माझ्याच कानांचा असेल. वर्गात शेवटच्या बाकावरचं मला हल्ली नीट ऐकू येत नाही. म्हणून त्यांच्याजवळ बसून, रेडिओला कान लावून ऐकलं. खरखर. त्यात एखादा शब्द असेल असं वाटून मी इतकं ऐकलं, की मलाही मधूनच बाईचा आवाज आल्यासारखं झालं आणि मी घाबरून उठले. मग दुसरा विचार आला. आबांनी उभा जन्म समुद्रावर काढला. त्यांना वारा कळतो, ढग कळतात, पाण्याचा रंग कळतो. कदाचित ते स्वतःचंच सांगत असतील आणि नाव रेडिओचं घेत असतील. मग मी कोण त्यांना खोटं पाडणारी? या विचाराने मला बरेच दिवस झोप लागली. आता वाटतं, मी तो झोप लागावी म्हणूनच केला असेल.

कारण मागच्या आठवड्यात शाळेतून येताना खिंडीत माझ्या मोबाईलवर इशारा आला: वारा वाढणार, कुणी समुद्रात जाऊ नये. मी जवळजवळ पळतच घरी आले. आबा ओट्यावरून सांगत होते, "समुद्र शांत राहील. जावा." रात्रभर कौलं वाजत होती. मोठ्या होड्या अजून किनाऱ्यावर शाकारलेल्याच आहेत म्हणून निभावलं. सकाळी आबांना विचारलं, तर म्हणाले, "रेडिओ सांगेल तेच मी सांगतो. माझ्या पदरचं मी कधी सांगितलं?" तेव्हा मला कळलं की ते ढगांकडे बघतच नाहीत. आणि गेले किती दिवस ते एकच वाक्य सांगत आहेत.

परवा मी रेडिओतले सेल काढून घेतले. बंद पडला असं त्यांना वाटेल, आपोआप सुटेल, कुणाला काही सांगावं लागणार नाही, असा माझा हिशेब. संध्याकाळी त्यांनी बटण फिरवलं. रेडिओ कानाला लावला. त्यातून खरखरसुद्धा येत नव्हती, धनू. आबा मान डोलावत होते. मध्येच त्यांनी मला बोटाने गप्प राहा म्हणून खुणावलं. मग रेडिओ खाली ठेवून म्हणाले, "समुद्र शांत राहील. ऐकलंस ना?"

अंगणात हिरामणदादा उभा होता. आबा माझ्याकडे असे बघत होते, की मी "हो" म्हणाले.

हिरामणदादा खूश झाला. म्हणाला, "व्हय ना? असंच पुनवेपर्यंत राहूं दे म्हंजे झालं." आणि गेला. माझं "हो" घेऊन गेला.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली तरी आपल्याकडे पौर्णिमेचा नारळ वाहिल्याशिवाय मोठी होडी निघत नाही, आणि नारळ वाहिल्यावर आबांनी "जावा" म्हटल्याशिवाय कुणी दोर सोडत नाही. यंदा हिरामणदादाच्या होडीवर त्याचा जावईही आहे, रितेश. पहिलाच हंगाम. आबा काय म्हणणार ते मला आजच माहीत आहे, आणि आभाळात त्या दिवशी काय असेल ते माहीत नाही. म्हणून मी ठरवलंय. नारळ वाहून झाला की आबांनी तोंड उघडायच्या आत मी सगळ्यांसमोर सांगणार, की रेडिओ बोलत नाही, आबांना तो आतून ऐकू येतो, यापुढे त्यांना विचारू नका. हिरामणदादाला एकट्याला गाठून सांगावं, असंही मनात आलं. पण उरलेल्या होड्या चालवणारे तांडेल आबांनाच विचारतील. तू आला नाहीस तरी मी सांगणार आहे. पण माझं बोलणं संपेल तेव्हा सगळं गाव त्यांच्याकडे बघेल आणि ते माझ्याकडे बघतील, आणि त्या वेळी मला त्यांच्याजवळ जाता येणार नाही. ते मला जवळ येऊ देणार नाहीत. त्यांना हाताला धरून घरी आणायला तू ये. एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझीच,
मृणालताई