खोकल्याच्या औषधाला तुमच्या गटात जागा नव्हती

बाबा, गेल्या रविवारी तुमच्या दारूमुक्तीच्या गटातले दोघे रोह्याहून इथे पेणला माझ्या घरी आले होते. एक तुमच्या वेळचा, मिठागरावर काम करणारा. पहिल्या दिवशी दारातून परत फिरत होता म्हणून तुम्ही त्याला दंडाला धरून आत बसवलं होतं, तोच. आता त्याला नीट दिसत नाही, चहाचा कप हातात द्यावा लागतो. दुसरा तरुण, शाळेत शिपाई आहे. गटात सध्या भांडण चाललंय म्हणे. गोळ्या खाणारे, गांजावाले, जुगारी यांनाही बसू द्यायचं, की तुमचा जुना नियम चालू ठेवायचा? निम्मे इकडे, निम्मे तिकडे. म्हाताऱ्याने मला सरळच विचारलं, "नियम तुझ्या बापाचा. तो आज असता तर काय बोलला असता, तूच सांग." मी म्हटलं, आठवड्याने लिहून देते. आज कागद घेऊन बसले ती त्यांच्यासाठीच, पण पहिला शब्द तुमच्या नावाने उतरला. तुमच्याशी धड बोलल्याला किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊक आहे.

आधी तुमचं देणं देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. तुम्ही प्यायचात तेव्हाचं घर मला आठवतं. धाटावच्या कंपनीतून तुमची शिफ्ट सुटली की आई भाताचं भांडं चुलीवरून उतरवून फळीवर उंच ठेवायची, कारण जमिनीवरचं तुम्ही लाथेने उडवायचात. मग कोणीतरी तुम्हाला त्या गटात नेलं आणि तुम्ही थांबलात ते थांबलातच. मरेपर्यंत थेंब नाही. हे सोपं नव्हतं, आणि ते तुम्ही केलंत. पुढे गट तुम्हीच चालवायला लागलात. रविवारी सकाळी शाळेचा एक वर्ग मिळायचा, आणि चौथीच्या बाकांवर मोठी मोठी माणसं गुडघे बाहेर काढून बसलेली असायची. आई आणि मी व्हरांड्यात चहा करायचो. बोलताना कोणी भरकटला, सासऱ्यावर घसरला, सुपरवायझरला शिव्या द्यायला लागला, की तुम्ही घंटा वाजवायचात. ती आमच्या देव्हाऱ्यातली घंटा. तुम्ही ती शाळेत नेलीत आणि आईने पुढची कित्येक वर्षं आरती नुसत्या टाळ्यांवर केली. तुमचं म्हणणं असं, की दारूला पळवाट लागते, माणसाला इकडचंतिकडचं बोलू दिलं की ती आत आरामात पाय पसरून बसते. बाहेर किटलीपाशी उभ्या मला तेव्हा तुमचा केवढा अभिमान वाटायचा.

आता दादाचं. एक्याण्णव-ब्याण्णव साल असेल. दादा पेणला गणपतीच्या कारखान्यात होता, मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करायचा. त्या कामाला हात दगडासारखा स्थिर लागतो, आणि त्याचा होता. आठवडाभर तिथेच राहायचा, रविवारी रोह्याला यायचा. कारखान्यात मूर्ती घासताना प्लास्टरची भुकटी उडते, ती त्याच्या छातीत बसली. डॉक्टरने खोकल्याचं औषध दिलं. खोकला गेला, औषध राहिलं. आधी चमचा, मग बूच, मग बाटली. एका दुकानदाराला संशय यायला नको म्हणून तो पेण, वडखळ, रोहा अशी दुकानं बदलायचा. आईला त्याच्या पिशवीत कपड्यांत गुंडाळलेल्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. ओरडली नाही ती. त्याला जवळ बसवून म्हणाली, तुझ्या बापाला त्या वर्गात बरं वाटलं, तुलाही वाटेल. दादा आधी हसला आणि मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. बावीस वर्षांचा होता तो.

त्या रविवारी तो शेवटच्या बाकावर बसला आहे. मी दारातून बघते आहे. त्याची पाळी येते, तो उभा राहतो आणि म्हणतो, "मी दारू पीत नाय. खोकल्याचं औषध पितो, दिवसाला तीन बाटल्या." दोघंतिघं हसतात. ते कसलं वाईट हसणं नाही, आपण नाक्यावर पडायचो आणि हा खोकल्याचं औषध पितो म्हणून हसतात. आणि तुम्ही घंटा वाजवता. एकदा. दादाला कळत नाही, तो पुढे बोलू लागतो, तुम्ही पुन्हा वाजवता. मग म्हणता, "हितं दारूचं बोलायचं. ज्याला दारू नाय, त्याची ही जागा नाय." दादा बाहेर आला. मी त्याच्या हातात चहा दिला, तो त्याने तसाच कठड्यावर ठेवला. घरी आल्यावर आई तुम्हाला म्हणाली, "अवो, पोरगा हाय तुमचा." तुम्ही चपला काढत म्हणालात, "म्हणूनच, गो. माझ्या पोरासाठी नियम वाकवला तर उद्या कोणाला कुठल्या तोंडाने थांबवू?" पनवेलच्या एका डॉक्टरचा पत्ता लिहून दिलात, हेही खरं. तो कागद कॅलेंडरमागे राहिला. कोणीच त्याला घेऊन गेलं नाही, तुम्ही नाही आणि आम्हीही नाही.

दीड-दोन महिन्यांनी दादा पुन्हा आला, तोंडाला वास घेऊन. तुमच्या पिण्याच्या दिवसांमुळे ज्याने कधी बाटलीला हात लावला नव्हता, तो तुमचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मी दारुडा हाय." तुम्ही घंटा बाजूला ठेवलीत आणि टाळ्या वाजवल्यात. सगळा वर्ग वाजवायला लागला. तुमचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं. आईने पदर तोंडात धरला होता. पाहिजे तो टिळा कपाळी असल्याशिवाय देवळात घेत नाहीत, म्हणून एखाद्याने तो लावून यावं, तसं झालं हे. बाबा, तुमच्यासारख्या हुशार माणसाला ते दिसलं कसं नाही? की दिसलं, आणि तरी बरं वाटलं?

मग त्याने दारू सोडली. ज्याची ओढच नव्हती ते सोडायला कितीसं कठीण? नव्वद दिवस झाले तेव्हा तुम्ही त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातलात. तेवढे सगळे रविवार तो फक्त दारूवर बोलला, अगदी शहाण्यासारखा, आणि औषधाच्या बाटल्या कारखान्यात मूर्ती भरायच्या पेंढ्यात लपवत राहिला. त्या बाटल्यांचं बोलायला त्याला एकही जागा उरली नव्हती. त्या वर्षी आषाढात कामाची घाई होती. एका दुपारी त्याने दोन्ही घेतलं, औषधही आणि दारूही. पेंढ्यावर आडवा झाला, लोकांना वाटलं झोपलाय, झोपू दे. चार वाजता चहाला हाक मारली तेव्हा तो गेलेला होता. दोन्ही एकत्र घेतल्यामुळे झालं, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या रविवारी तुम्ही गटाला उभं करून शांतता पाळलीत आणि सांगितलंत, "माझ्या पोराला दारूने नेला." औषधाचं नाव तेव्हाही तुमच्या तोंडून निघालं नाही. मी किटली तिथेच टाकून घरी आले. त्यानंतर तुम्ही होतात तोवर मी तुमच्याशी आईच्या मार्फत बोलले. जेवण वाढलंय म्हणून बाबांना सांग. बाबांना म्हणावं, माझी बदली झाली. तुम्ही गेलात तेव्हा टेम्पो भरून माणसं आली, पोरक्यासारखी रडली. मी नाही रडले.

एवढं झाल्यावर नियम मोडा म्हणणं सोपं असायला हवं, नाही का? पण मागल्या वर्षी मी इथे पेणला अशा एका गटात जाऊन बसले, जिथे सगळ्यांना मोकळं आहे. एकाने मोबाइलवरच्या जुगाराचं सांगितलं, एकाने तंबाखूचं, एक बाई सुनेवरच बोलत राहिली. कोपऱ्यात एक माणूस होता, हात लटलट कापत होते, त्याला त्या क्षणी दारू हवी होती हे शेंबडं पोरही ओळखेल. दीड तासात त्याच्याकडे कोणी वळलंच नाही. तो उठून गेला. त्या दिवशी तुमची घंटा मला आठवली, आणि ती आठवावी लागली याचाच मला जास्त राग आला. तुमचं चुकलं एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली आहेत. तुमचं थोडं बरोबरही होतं, हे आता या वयात मला परवडत नाही.

आणि एक राहिलं. घंटा वाजली त्याच दिवशी, तुम्ही दुपारच्या शिफ्टला गेल्यावर, दादा स्वयंपाकघरात आला. मी नारळ खवत होते. तो उंबऱ्यावर बसून म्हणाला, "मग मी काय करू, म्हणजे मला बसवतील?" मला तुमचा असा संताप आला होता की तुम्हाला कुठे बोचेल तेवढंच सुचत होतं. मान वर न करता मी म्हटलं, "दारू पी. मग बाबा स्वतः हात धरून नेतील." तो हसला. मीही हसले. त्याने पुन्हा विचारलं नाही आणि मी पुन्हा काही म्हटलं नाही. हे आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, कोणालाच नाही.

म्हाताऱ्यासाठी दुसरा कागद घ्यावा लागेल, हा कपाटात जाईल. नियम बदला, असं मी त्यांना लिहिणार आहे. का, असं त्यांनी विचारलं, तर दादाची गोष्ट सांगेन, आणि त्यात नाव तुमचंच घेईन.