रेबेकाला कळेल असा उपदेश

११ जानेवारी, रवि.
उपासनेनंतर तालीम लांबली. साळवे सरांनी ईस्टरचं नवं गीत काढलं. शब्दही त्यांचे, चालही त्यांची. एकटीने गायचं कडवं मला दिलंय. तुझ्यासाठी लिहिलं असं सर कधी म्हणायचे नाहीत, पण वरचा सूर नेमका माझ्या गळ्यापाशी येऊन थांबतो. बाराव्या वर्षापासून त्यांच्या गायनमंडळात आहे, एवढं कळतं.
तिसऱ्या बाकावर ती नवीन मुलगी, रेबेका. अमरावतीची, लग्न करून मांजरीला आलेली. ऐकू येत नाही. नवरा नीलेश, तोही मूळचा तिकडचाच, शेजारी बसून अर्ध्या तासाचा उपदेश दोन खुणांत उरकतो. आज त्याची ड्यूटी होती. ती एकटीच पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत बसली होती. त्या मिशांमधून काय दिसणार.
बाहेर पडताना तिला खुणांनी नाव विचारलं. ऑफिसात मागे सांकेतिक भाषेची छोटी कार्यशाळा झाली होती, तेवढंच माझं भांडवल. पाळकसाहेबांनी पाहिलं.
"अनुपमाताई, तुम्हाला येतं हे?"
"थोडंसं."
"मग पुढच्या रविवारी पुढे उभ्या राहा."
नाही म्हणायला सुचलंच नाही.

१८ जाने., रवि.
उभी राहिले. गाणं झालं की खाली उतरायचं, उपदेश हातांनी सांगायचा, शेवटच्या गीताला परत वर. सगळ्यांनी कौतुक केलं. मंडळीच्या ग्रुपवर फोटो. एकीने लिहिलं, देवाने किती दानं द्यावीत एका बाईला.
खोटं कशाला लिहू. बरं वाटलं.

२५ जाने., रवि.
दुपारी रेबेकाचा मेसेज. "ताई, आज पाळकसाहेब मेले असं का म्हणालात?"
मला खुणांनी सांगायचं होतं की पाळक विश्रांती घेतात, म्हणजे सोमवार-मंगळवार सुट्टीवर आहेत. हसू आलं. मग विचारलं, आधीच्या रविवारचं किती कळलं?
"थोडं. तुमचे हात छान दिसतात."
हसू गेलं.

२७ जाने.
सतीशला सांगितलं. वाटलं, नवरा आहे, समजूत घालेल. तो चहा ओतत म्हणाला, "ऑफिसात एक बटण चुकीच्या जागी दिसलं तर त्या पोरांना घरी जाऊ देत नाहीस तू. चर्चमध्ये चालतंय वाटतं."
खराडीच्या बसमध्ये तेच डोक्यात. मी सॉफ्टवेअर तपासते. चुका शोधायचा पगार घेते. रविवारी मात्र...

१ फेब्रु., रवि.
पाळकसाहेबांना म्हटलं, मला पुरेसं येत नाही, शिकलेला दुभाषी शोधू या. ते म्हणाले, "कुठून आणायचा दर रविवारी? देव मन बघतो, ताई. चुकलं तर चुकलं."
रिक्षात बसेपर्यंत हलकं वाटत होतं. मग लक्षात आलं, देवाने माझं मन पाहिलं तरी रेबेकाला उपदेश कुठे कळणार आहे? आणि मनाचं म्हणाल तर, गाण्याची एक ओळ मी आठवडाभर घोटते. उपदेशासाठी या आठवड्यात काय केलं? काहीच नाही.

७ फेब्रु., शनि.
मांजरीला गेले, रेबेकाकडे. उसाच्या ट्रॉलीमागे रिक्षा कितीतरी वेळ अडकली. मग एकदम बारा मजली इमारती.
ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या, कॅप बनवते. शनिवारी सुट्टी. नीलेश घरी होता. ओशाळून म्हणाला, "ताई, मी काय सांगू तिले, उपदेश मलेच अर्धा समजत नाही."
तिने मला बसवून घेतलं आणि पाळकसाहेबांकडून आणलेला उद्याचा उपदेश वाक्यावाक्याने करायला लावला. थांबवते, मान हलवते, पुन्हा. दमले. चहा घेताना तिने सावकाश, मला कळेल अशा खुणांनी सांगितलं. लहानपणापासून एक रविवार चुकला नाही. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं, डोळे मिटले की मिटायचे. डोळे मिटले की मग काहीच उरायचं नाही. आजपर्यंत एकही उपदेश सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळलेला नाही.
तक्रार करत नव्हती. सांगत होती फक्त.

१० फेब्रु.
नारायण पेठेत एक वर्ग सापडला. शिकवणारे पाटणकर सर स्वतः कर्णबधिर आहेत. शनिवारी दुपारी. ईस्टरसाठीची आमची तालीमही आता शनिवारी दुपारी. अर्थात.
साळवे सरांशी बोलून दोन शनिवार वर्ग, दोन शनिवार तालीम असं ठरवलं. जाताना म्हणाले, "यंदाचा ईस्टर माझा शेवटचा. मग नाशिकला, लेकीकडे. हात कापतो आता पेटीवर."
मला माहीत नव्हतं.

१४ फेब्रु., शनि.
पहिला वर्ग. माझे हात बघून पाटणकर सरांनी फळ्यावर लिहिलं, "हात स्वच्छ. चेहरा बंद. अर्थ चेहऱ्यात असतो."
भुवया, गाल, ओठ सगळं वापरायचं. राग म्हणजे रागावलेलं तोंड. प्रश्न म्हणजे प्रश्नाचं तोंड. चर्चमध्ये सगळ्यांसमोर मी तशी तोंडं करू? इतकी वर्षं पांढऱ्या साडीत ताठ उभी राहून गायले.
म्हणजे अडचण भाषेची नाहीच.

२२ फेब्रु., रवि.
तोंडं केली. मागच्या बाकावरची मुलं हसली. जाधवकाकांनीही (मंडळीचे सचिव, कडक इस्त्री) मान वळवली. रेबेकाने मात्र पहिल्यांदाच मान डोलावली. हो, हो, पुढे.

१ मार्च, रवि.
वाईट दिवस. काल तालमीला गेले म्हणून उपदेशाची तयारी नाही. मधला सगळा भाग सुटला, रेबेका खिडकीबाहेर बघायला लागली. मग गीतात वरचा सूर खाली लागला. गेल्या कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं.
सर पेटी बंद करता करता म्हणाले, "दोन्हीकडे अर्धी अर्धी आहेस, अनुपमा."
रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

३ मार्च
दोन दिवस प्रार्थनेत हाच विषय. गळा देवानेच दिलाय. सर म्हणतील तो वापरायचा नाही का, आणि त्यांचं चुकीचं नाही. पण गायला गायनमंडळात प्राची आहे, बाकीचे आहेत. माझ्याइतकं कोणी गात नाही (हे मी प्रार्थनेत म्हणाले, देवाला), पण गाणं होईल. रेबेकासमोर दुसरं कोणीच नाही.
आणि हीही भीती की तिथेही मला उत्तमच ठरायचंय. फोटो, कौतुक. सेवा कुणाची चाललीय मग?


७ मार्च, शनि.
तालमीआधी सरांच्या घरी गेले. म्हटलं, सर, ईस्टरचं कडवं प्राचीला द्या. सगळे शनिवार मला वर्गाला हवेत.
ते पेटीचा भाता पुसत होते. पुसतच राहिले.
"बरं."
एवढंच. चहाही विचारला नाही. जिना उतरताना रडू आलं. त्यागाचं म्हणावं तर तसं नव्हतं. मला ते कडवं हवं होतं, बस.

१५ मार्च, रवि.
आजचा उपदेश "कृपा" शब्दावर. काल वर्गानंतर मांजरीत त्यावरच संध्याकाळ गेली होती. मी भेटवस्तूची खूण केली. रेबेका म्हणाली, म्हणजे आहेर? तो परत करावा लागतो. मग दयेची केली. ती म्हणाली, दया मला बसमध्ये रोज मिळते, नको. शेवटी तिनेच केलं. दोन्ही हात रिकामे, खाली सोडलेले, आणि वरून काहीतरी येऊन ते भरतं, चेहऱ्यावर आश्चर्य, कारण मागितलंच नव्हतं.
आज तेच केलं. इतकी वर्षं हा शब्द गात आलेय. मागितलंच नव्हतं, हा भाग कधी लक्षात घेतला नव्हता.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार
नीट लिहिते, नाहीतर उद्या मीच गुळगुळीत करून टाकीन.
उपदेश चांगला गेला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. रेबेकाची नजर एकदाही हलली नाही. मग प्रार्थनेत पाळकसाहेब नेहमीसारखे म्हणाले, आमच्यातल्या आंधळ्यांना दृष्टी दे, बहिऱ्यांना बरं कर. मी तेही सांगितलं. आता मी काही गाळत नाही.
दाराशी हात मिळवताना तिने पाळकसाहेबांना थांबवलं आणि मला खूण केली, बोल. तिचे हात भराभर चालले. "तुम्ही मला बरं कर म्हणता. मी आजारी नाही. मला विचारलंत का? माझ्यासाठी मागायचंच असेल तर मला समजेल अशी मंडळी मागा."
मागे लोक खोळंबलेले. मी म्हणाले, "रेबेका म्हणतेय, तिच्यासाठी प्रार्थना करताना तिलाही एकदा विचारलंत तर तिला आवडेल."
पाळकसाहेब हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला.
रेबेकाने त्यांचा चेहरा पाहिला, मग माझा. "ते हसले. म्हणजे तू माझं सांगितलं नाहीस. परत."
परत सांगितलं. जसंच्या तसं, तिच्याच स्वरात. म्हणजे तो स्वर मला काढावा लागला. पाळकसाहेबांचं हसू गेलं. "मला विचार करावा लागेल," एवढं म्हणाले. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, करा.
जाधवकाकांनी गेटपाशी गाठलं. "अहो, हे असं बोलायला तुम्ही शिकवलंत का तिला?"
"नाही. मी बोलायला शिकतेय तिच्याकडून."
"ईस्टरला पाहुणे असतात. तुम्ही जरा बाजूला, खांबाकडे उभ्या राहा. लोकांचं लक्ष जातं."
खांबाकडे उभी राहिले तर तिसऱ्या बाकावरून दिसत नाही. त्यांना माहीत आहे की नाही, देव जाणे.

३१ मार्च
सतीशला सगळं सांगितलं. म्हणाला, "मग कुठे उभी राहणार?"
म्हटलं, जिथून दिसेन तिथे.
"जाधवांना सांगितलंस?"
नाही अजून.

१ एप्रिल
जाधवकाकांना फोन केला. "बघा बुवा, तुमची जबाबदारी," म्हणाले. म्हणजे होही नाही, नाहीही नाही. कमिटीत विषय ठेवणार आहेत.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार
तीन तासांची उपासना. खांदे भरून आलेत, पेन धरवत नाही. वधस्तंभाचं सांगताना चेहऱ्याचं काय होतंय याचा विचार एकदाही आला नाही, हे आत्ता लिहिताना कळतंय.
आज वाद्यं बंद, त्यामुळे साळवे सर खाली बाकावर बसले होते. महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. संपल्यावर जवळ आले.
"परवाचं गीत तिला कसं सांगणार आहेस?"
म्हटलं, शब्द सांगेन.
"चाल?"
मी रेबेकाच्या बाकाकडे पाहिलं.
"उद्या तिला घेऊन ये."

४ एप्रिल, शनि.
सकाळी चर्चमध्ये आम्ही तिघंच. सरांनी रेबेकाचा हात पेटीच्या लाकडावर ठेवला आणि वाजवलं. तिने हात लगेच काढून घेतला. म्हणाली, थरथर कळते, त्यात मला गोडी नाही. शब्द सांगा. सरांना मी तसंच सांगितलं. वाटलं, दुखावतील. ते उठून तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसले.
एकेक ओळ. ही ओळ का, ही नंतर का. तिने विचारलं, "तो उठला आहे" हे तीनदा का? एकदा कळतं की.
सर विचार करत बसले. मग म्हणाले, "पहिल्यांदा बातमी असते. दुसऱ्यांदा शंका. तिसऱ्यांदा माणूस स्वतःला सांगतो." मग माझ्याकडे वळून, "हे गायनमंडळालासुद्धा कधी सांगितलं नाही मी. कोणी विचारलं नाही."
रेबेका म्हणाली, मग तीनदा वेगवेगळं कर. दाखव करून.
केलं. दोघांनी मिळून मला सुधारलं. एकाला ऐकू येतं, एकीला नाही, आणि दोघंही सारखेच कडक.

५ एप्रिल, ईस्टर
दुपार. जेवणं झालीत, सतीश झोपलाय.
पुढेच उभी राहिले, खांबाकडे नाही. जाधवकाका बघत होते. बोलले नाहीत. कमिटी पुढच्या आठवड्यात आहे.
प्राचीने माझं कडवं गायलं. "माझं" लिहिलं, राहू दे. मी "तो उठला आहे" ही ओळ तिन्ही वेळा वेगवेगळी केली. तिसऱ्यांदा रेबेकाचे हात मांडीवरून आपोआप उठले आणि तिने तीच ओळ माझ्याबरोबर केली. ऐकून म्हणणारे सगळे पाठीमागे, मी आणि ती समोरासमोर.
आजच्या प्रार्थनेत बहिऱ्यांचं वाक्य नव्हतं. गाळलं की विसरले, कळत नाही. संपल्यावर रेबेकाने मला विचारलं, आज ते म्हणाले का? मी सांगितलं, नाही म्हणाले. तिने पाळकसाहेबांकडे एकदा पाहिलं. ते पाहुण्यांत होते. "विचार करतायत अजून," तिने खूण केली. त्यात थट्टा किती आणि आशा किती, मला वाचता आलं नाही. तेवढी भाषा अजून येत नाही.
सरांनी जिन्यापाशी थांबवलं. "प्राची कशी गायली?"
आठवून पाहिलं. वरचा सूर लागला की नाही, श्वास कुठे घेतला, काहीच आठवेना. तिचं गाणं मला ऐकूच आलं नव्हतं.
"माहीत नाही, सर."
मग काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "मी गेल्यावर गायनमंडळ तू सांभाळ. दुसऱ्या कोणाला देववत नाही मला."
म्हटलं, सर, शनिवार...
"माहीत आहे शनिवारचं," म्हणाले आणि उतरायला लागले. नेहमीसारखा आधार द्यायला मी हात पुढे केला, त्यांनी धरला. ते महिनाअखेरीला निघतात. त्याआधी हो की नाही, काहीतरी सांगायला हवं.