बाबांशी बोलणं झालं

ती. आईला,
धाकटीचा नमस्कार.

माझी काळजी करू नकोस. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

बँकेने ओव्हरड्राफ्ट दिला. म्हणजे खात्यात काही नसलं तरी थोडे पैसे काढता येतात. मला कमाई नाही, म्हणून ते घरच्यांना फोन करून खात्री करतात. फॉर्म भरताना मी सवयीने बाबांचं नाव आणि त्यांचाच नंबर लिहून बसले. त्यांना जाऊन वर्ष झालं, तरी हात ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी नंबर बदलायला गेले, तर बँकेतल्या बाई म्हणाल्या, "गरज नाही. वडिलांशी बोलणं झालं, ते हो म्हणाले."

आणखी काय म्हणाले, मी विचारलं.

"फार घाईत होते. लवकर बोला, मशीन चालू आहे, म्हणाले."

फोन उचलला की बाबा हेच म्हणायचे. पण त्यांचं शिलाई मशीन तर आपण माझ्या इकडे येण्याच्या तिकिटासाठी विकलं. आणि त्यांचा फोन तू बंद करून कपाटात ठेवलायस ना?

मी अजून एक पैसाही काढलेला नाही. दादाला यातलं काही सांगू नकोस, उगाच घाबरेल. तू फक्त एकदा कपाट उघडून बघ.

फोन चालू असला, तर बंद करू नकोस.

तुझीच,
धाकटी