‘हयगय’ हा शब्द खोडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सर्वसाधारण रुग्णालय.

विषय : मृत रुग्णाच्या केसपेपरवरील ‘फेरतपासणीस आली नाही, रुग्णाची हयगय’ हा शेरा रद्द करण्याबाबत.
संदर्भ : माझ्या आधीच्या अर्जावर ‘दुरुस्तीसाठी रुग्णाने स्वतः अर्ज करावा’ असे कळवणारे आपले दि. ३ जूनचे पत्र.

महोदय,

मी आपल्याच महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाच्या चौथ्या वर्षाला असून रुग्णालयाच्या युवा आरोग्य गटाची प्रमुख आहे. रुग्ण स्वतः अर्ज करू शकत नाही. ती ९ मे रोजी वारली. म्हणून मी करत आहे.

१. सदर रुग्ण एकोणीस वर्षांची होती व दोन वर्षे आमच्या गटात काम करत होती. एकदा ऐकलेले विसरत नसे, म्हणून आम्ही तिला टीपकागद म्हणत असू. वस्तीतल्या अठ्ठावीस बायकांना तिने समजावून रक्तदाब तपासायला इथे आणले. तिच्या स्वतःच्या हृदयाची झडप अरुंद झाली आहे, हे आमच्याच शिबिरात कळले.

२. हृदयाच्या सोनोग्राफीसाठी ती तीन वेळा आली. ४ मार्चला यंत्र बंद होते. २५ मार्चला डॉक्टर रजेवर होते. १५ एप्रिलला ‘केसपेपर जुना झाला, नवा काढा’ असे सांगण्यात आले. नवा काढून येईपर्यंत खोलीला कुलूप लागले होते. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे व लिफ्ट फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे. दहा पायऱ्यांत धाप लागणारी मुलगी त्या दिवशी तो जिना दोनदा चढली.

३. त्याच दुपारी तिने मला फोन केला. “ताई, पुढच्या वेळी तुम्ही याल का सोबत? तुमचा पांढरा कोट बघून तरी आत घेतील.” मी म्हणाले, “आपणच ओळख लावली तर ओळखीशिवाय उपचार मिळतात, हे त्या बायकांना कोणत्या तोंडाने सांगायचं?” ती हसली. “बरोबर आहे. जाते मी रांगेतून.” हेच मी शिबिरांत शिकवत असे. त्याबद्दल मला युवा नेतृत्वाचे प्रशस्तिपत्रही मिळाले आहे. तिला पुढची तारीख १३ मे मिळाली होती.

४. तिची आई शिवणकाम करते. मे महिन्याच्या अखेरीस ती केसपेपर घेऊन माझ्याकडे आली आणि शेऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “दवाखान्यात जाते म्हणून सांगून निघायची गं. मग जात कुठं होती?” मी सांगितले, इथेच येत होती. त्यावर ती म्हणाली, “कागद कशाला खोटं बोलेल?” महोदय, लेक गमावलेली ही बाई आता लेकीवरच संशय घेत आहे.

५. बाह्यरुग्ण नोंदवहीत तिन्ही दिवशी तिची नोंद आहे. त्या पानांच्या प्रती व मृत्यूचा दाखला सोबत जोडला आहे. सदर शेरा खोडून ‘रुग्ण तीन वेळा आली होती, तपासणी झाली नाही’ एवढेच लिहावे. कोणावरही कारवाई मागत नाही.

परंतु हयगय कोणाची तरी लिहिणे नियमाने आवश्यकच असेल, तर ती माझी लिहावी. त्यासाठी लागणारा तपशील सहीखाली दिला आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
प्रमुख, युवा आरोग्य गट
चौथे वर्ष, हजेरी क्रमांक ६२
दि. ११ जून