पौर्णिमेची गोळी

खटकचिंचोळी,
ता. ९ ऑगस्ट १९८६

प्रिय व्यंकटअण्णास,
धाकट्या सरूचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. इकडं मूग फुलावर आलाय. दवाखान्यात लसीकरणाची गर्दी आहे, पण नर्सबाईला चहा विचारायला कुणाला सवड नाही. वहिनींचा खोकला थांबला का?

तू लिहिलंस, सतरा तारखेला मायच्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांसमोर मला साडी देणार. 'घरात नर्स होती म्हणून माय बहात्तर वर्षं जगली,' असं बोलणार. अण्णा, ती साडी घेऊ नकोस. घेतली असलीस तर वहिनींना दे.

कामून नको, ते दोनदा लिहून फाडलं.

आषाढी पौर्णिमेला माय अष्टशील पाळायची, दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. साखरेचा आजार निघाल्यावर मी ते बंद करायला लावलं. "व्हय बाई, न्हाई धरत," म्हणाली. आपल्या मायचं 'व्हय' तुला मी काय सांगू! यंदा पौर्णिमेच्या सकाळी ती अष्टशीलाचं पांढरं लुगडं नेसून विहारात निघाली. मी पाहिलं, आणि कामावर गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा माझे पाय ठणकत होते. साखर उतरवायची गोळी तिच्या हातावर ठेवली. जेवलीस का, एवढं विचारलं नाही. माझा ओरडा नको म्हणून तिनं ती मुकाट्यानं गिळली.

तासाभरात तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले. मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी वैतागून म्हणाले, "वय झालंय माय, पड जरा." असं झालं तर आधी गूळ चारा, हे मी गावभर शिकवत फिरते. म्हाताऱ्या शरीरातून गोळी लवकर निघून जात नाही, हेही शिकवते. गुळाचा डबा तिच्या उशाशीच होता.

सकाळी ती उठेना. जीपमधून हुमनाबादला नेताना तिचं पांढरं लुगडं सावरलं आणि सगळं लख्ख कळलं: गोळी तिनं उपाशीपोटी घेतली होती. तेव्हा तिचा श्वास चालू होता, अण्णा. डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू होती का?" मी नर्स आहे, हे त्यांना ठाऊक होतं. आता काय म्हणतील, नोकरीचं काय होईल, याची भीती वाटली. मी म्हणाले, "काही नाही."

मग ते म्हणाले, वयोमानानं होतं असं. दुपारी ती गेली. तू आलास, तूही तेच म्हणालास. मी दोघांपुढं मान हलवली.

माय वयानं गेली नाही.

सतरा तारखेला ये. विहारात मी स्वतःच उभी राहून हे सांगणार आहे. तिथं तुझ्या शेजारी मला बसू द्यायचं की नाही, ते तू ठरव.

म्हाताऱ्या बाया अजून माझ्याकडंच येतात. आता गोळी देण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, "जेवलीस का माय?"

तुझी म्हणवून घ्यायची हिंमत नसलेली,
सरू